जादू + जादू = जुगाड

मेकॅनिकलवाल्यांच्या हातात दोन गिअर दिले की ते आधी काय बघतात? दोघांचे दाते जुळतात का ते. एक गिअर सोन्याचा आणि दुसरा चांदीचा असला, पण दाते जुळत नसले, तर दोन्ही सोनाराकडे न्यायचे, मशीनमध्ये नाही! हा लेख अशाच दाते जुळवण्याबद्दल आहे. फक्त गिअरच्या जागी इथे मंत्र आणि जादूच्या वस्तू आहेत.

ज्यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव फक्त सिरियलमध्ये ऐकलंय, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात ओळख. जुन्या खेळाडूंनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

खेळ काय आहे?

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी हा खेळ काढला. यात सोंगट्या असल्याच पाहिजेत असं नाही, आणि कोणी कोणाला हरवायचंही नसतं. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम होतो. तो गोष्ट आणि तिच्यातलं जग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. “समोर दरी आहे, पूल तुटलाय, काय करता?” असं डीएम विचारतो आणि खेळाडू आपापली युक्ती सांगतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. लढाईत वेळ फेऱ्यांत मोजतात. एक फेरी ६ सेकंदांची, म्हणजे दहा फेऱ्यांचं एक मिनिट. नियमांची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि तिची सुधारित पुस्तकं २०२४ पासून यायला लागली. खालचे आकडे याच पाचव्या आवृत्तीतले आहेत. नियम फूट आणि पौंडात आहेत, मी सोयीसाठी किलो-लिटर केले आहेत.

जुगाड लागतोच का?

कारण बजेट कमी असतं! पहिल्या पातळीचा जादूगार दिवसभरात पहिल्या श्रेणीचे फक्त दोन-तीन मंत्र टाकू शकतो. (छोट्या फुकट जादू वेगळ्या.) म्हणजे महिनाअखेरीच्या पॉकेटमनीसारखी अवस्था. शत्रू मात्र भरपूर. अशा वेळी एका रुपयात दोन रुपयांचं काम करून घ्यायचं, तर एका जादूला दुसरी जोडावी लागते.

पण नियम करणाऱ्यांनी इथे एक पाचर मारून ठेवली आहे. तिचं नाव ‘कॉन्सन्ट्रेशन’, आपण एकाग्रता म्हणू. जे मंत्र काही वेळ टिकतात त्यातल्या बहुतेकांना टाकणाऱ्याची एकाग्रता लागते, आणि एका माणसाला एका वेळी असा एकच मंत्र धरता येतो. दुसरा सुरू केला की पहिला गेला. मध्ये कोणी फटका मारला तर फासा टाकून एकाग्रता टिकते का ते बघायचं.

नवीन खेळाडूंना हा नियम जाचक वाटतो. माझं मत उलटं आहे. या एका नियमामुळे चांगली जोडी बहुतेक वेळा दोन माणसांची होते. एक जण मंत्र धरून ठेवतो, दुसरा त्याचा फायदा घेतो. एकट्याने सगळं करायचा मार्गच बंद. माझ्या मते या खेळातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

तीन प्रश्न

कोणतीही जोडी लावताना मी तीन प्रश्न विचारते. वहीत लिहून ठेवा.

१. पहिल्यातून बाहेर काय पडतं, आणि दुसऱ्याला आत तेच लागतं का?
२. एकाग्रता कोण धरणार?
३. आधी काय संपणार, आणि ते संपल्यावर काय होईल?

तिसरा प्रश्न सगळे विसरतात आणि पात्रं बहुतेक त्यातच मरतात. आता उदाहरणं बघू.

उदाहरण १ : किसणी

‘स्पाइक ग्रोथ’ हा दुसऱ्या श्रेणीचा मंत्र. २० फूट त्रिज्येच्या जमिनीवर काटे उगवतात. त्यातून चालणाऱ्याला दर ५ फुटांमागे चार बाजूंच्या दोन फाशांइतकी इजा होते, म्हणजे सरासरी ५. शत्रू शहाणा असेल तर जागचा हलणारच नाही, आणि मंत्र वाया.

इथे दाते जुळवा. मंत्राला काय लागतं? हालचाल. ती शत्रूने स्वतःहून केली पाहिजे असं नियमात कुठेही नाही. म्हणजे ढकलला तरी चालतं! ‘वॉरलॉक’ नावाच्या पात्राच्या जादूई किरणाला एक जोड घेता येते, तिने प्रत्येक किरण लागल्यावर शत्रू १० फूट मागे जातो. पाचव्या पातळीला असे दोन किरण मिळतात. दोन्ही लागले तर २० फूट, म्हणजे चार वेळा ५, सरासरी २० इजा, आणि किरणांची स्वतःची इजा वेगळी. नावाजलेला ‘फायरबॉल’ तिसऱ्या श्रेणीचा, त्याची सरासरी २८, पण तो एकदाच. किसणी दर फेरीला चालते आणि किरणांना मंत्राचा खर्च नाही. काटे धरणारा एक, ढकलणारा दुसरा. आमच्या टेबलावर हिला किसणी म्हणतात कारण शत्रूचा गाजरासारखा कीस पडतो. इंग्रजीत वाचलेला नियम मराठीत एका शब्दात सांगता आला की समजावं, तो आपल्याला कळलाय.

उदाहरण २ : डबीतला अंधार

‘डार्कनेस’ मंत्राने १५ फूट त्रिज्येचा दाट अंधार पसरतो, साधा कंदील त्यात चालत नाही. पण अंधार सगळ्यांनाच, तुमच्या लोकांनाही! म्हणून पुष्कळ जण हा मंत्र घेतच नाहीत.

नियम नीट वाचा. हा मंत्र एखाद्या वस्तूवर टाकता येतो, आणि ती वस्तू अपारदर्शक गोष्टीने पूर्ण झाकली की अंधार अडतो. म्हणजे एक खडा घ्या, त्यावर अंधार टाका, खडा डबीत ठेवा. डबी उघडली की अंधार, मिटली की उजेड. झाला ना स्विच! मंत्र १० मिनिटं टिकतो. टाकणारा जादूगार, पण डबी चोराच्या हातात देता येते. आता दुसऱ्या कोणी ‘सायलेन्स’ टाकला, तर २० फूट त्रिज्येत आवाजच होत नाही. पहारेकऱ्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ओरडताही येत नाही. दोन्ही मंत्रांना एकाग्रता लागते, म्हणून दोन माणसं. फक्त सायलेन्स ज्या जागी टाकला तिथेच राहतो, डबी मात्र फिरते, हे लक्षात ठेवा.

उदाहरण ३ : शिळेचा प्रश्न

आता वस्तू. ‘इमूव्हेबल रॉड’ ही लोखंडाची कांडी. टोकाचं बटण दाबलं की ती आहे तिथे, अगदी हवेतसुद्धा, अडकून बसते आणि ८००० पौंड, म्हणजे सुमारे ३६०० किलो वजन पेलते. हिला कोणाची एकाग्रता लागत नाही. एक हात कायमचा मोकळा ठेवणारी वस्तू म्हणा.

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये मी डीएम होते. प्रसंग असा दिला: एका तळघरात लहान मुलगा अडकलाय, आत पाणी चढतंय, आणि ४ फूट बाय ४ फूट तोंडावर दगडी शिळा आहे. शिळा ६ फूट लांब, ६ फूट रुंद, ८ इंच जाड, मधोमध लोखंडी कडी. दगडाची घनता २५०० किलो प्रति घनमीटर धरली तर वजन सुमारे १७०० किलो. ढकलून हलणं अशक्य.

जादूगार खेळणारीकडे ‘रिड्यूस’ होता. हा मंत्र वस्तूची प्रत्येक बाजू निम्मी करतो आणि वजन एक अष्टमांश. (घनाचा नियम चक्क पुस्तकात छापलाय, बघून मला फार आनंद झाला होता.) १७०० भागिले ८, म्हणजे सुमारे २१२ किलो. ‘लेव्हिटेट’ मंत्र ५०० पौंड, म्हणजे २२७ किलोपर्यंतची सुटी वस्तू उचलतो. आकडे काय सुंदर जुळतात! पण दोन्ही मंत्रांना एकाग्रता लागते आणि जादूगार एकच. मग ती म्हणाली, नुसता रिड्यूस टाकते, बाकीच्यांनी शिळा बाजूला ओढा.

टेबलाच्या कोपऱ्यात फर्स्ट इयरची एक मुलगी योद्धा खेळत होती. चार आठवड्यांत तिच्या तोंडून “मी मारते” याखेरीज काही निघालं नव्हतं. मंत्र तिच्या पात्राला एकही येत नव्हता. ती हळूच म्हणाली, “ताई, पण दगड निम्मा झाला तर तो आतच पडेल ना? मुलाच्या डोक्यावर?”

सगळे गप्प. ६ फुटांची शिळा ३ फुटांची झाली की ४ फुटांच्या तोंडातून सरळ खाली. २१२ किलो.

मग तिनेच रस्ता काढला. रॉड तिच्याकडे होता. तो शिळेच्या बरोबर वर, जमिनीपासून ६ फुटांवर हवेत अडकवायचा. दोर दुहेरी करून कडीतून घ्यायचा आणि रॉडला ताणून बांधायचा. मग रिड्यूस. शिळा लहान होईल, पण पडणार नाही, झोपाळ्यासारखी लटकेल. ती एका बाजूला अडीच फूट ढकलून धरली की ३ फुटांची फट मिळते, त्यातून मुलाला ओढायचं. ढकलायला किती जोर? मी तिथेच कॅल्क्युलेटर काढला. दोर ६ फूट, सरकणं अडीच फूट, कोन साधारण २४.६ अंश, त्याचा टॅन ०.४६. २१२ गुणिले ०.४६, म्हणजे ९७ किलोच्या आसपास. एकटीचं काम नाही. योद्धा आणि पुजारी दोघींनी ढकललं, चोराने हात घातला, जादूगार फक्त मंत्र धरून उभी. चौघींनाही काम होतं आणि एकीला जरी वगळलं असतं तरी जमलं नसतं.

मंत्र एक मिनिट टिकतो, दहा फेऱ्या. सातव्या फेरीत मुलगा बाहेर आला. मंत्र संपल्यावर शिळा पुन्हा १७०० किलोची झाली. रॉडने ती पेलली असती, पण दोर कसला टिकतोय! तो तुटला आणि शिळा धाडकन तोंडावर बसली. हा तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ.

या जोडीत सगळ्यात महाग गोष्ट रॉड किंवा मंत्र नव्हती. “तो पडेल ना?” हा प्रश्न होता, आणि तो जिला एकही मंत्र येत नाही तिने विचारला. तेव्हापासून मी डीएम असले की जो कमी बोलतो त्याला आधी विचारते.

जुगाड कुठे फसतो?

आता दुसरी बाजू. या खेळात काही ‘युक्त्या’ फार प्रसिद्ध आहेत आणि त्यातल्या पुष्कळ चालत नाहीत.

*शेतकऱ्यांची तोफ.* नियमानुसार आपली पाळी नसतानाही आधी ठरवून ठेवलेली कृती करता येते. मग कोणी हिशेब केला: ५-५ फुटांवर २००० शेतकरी उभे करा, प्रत्येकाने भाला पुढच्याच्या हातात द्यायचा. सगळं एकाच फेरीत, म्हणजे ६ सेकंदांत भाला १०,००० फूट गेला. वेग सेकंदाला ५०८ मीटर, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त! मग शेवटच्या शेतकऱ्याच्या हातून सुटलेला भाला ड्रॅगनच्या आरपार जाणार म्हणे.

गोम कुठे आहे? भाला पुढे सरकवताना हे लोक खेळाचे नियम वापरतात आणि इजा मोजताना फिजिक्स. खेळाच्या नियमाने जायचं तर शेवटचा शेतकरी साधा भाला फेकतो, सहा बाजूंचा एक फासा, सरासरी साडेतीन. फिजिक्सने जायचं तर २००० माणसं ६ सेकंदांत भाला सरकवूच शकत नाहीत. एकतर हे, नाहीतर ते. २०२४ च्या डन्जन मास्टरच्या पुस्तकात ही तोफ चक्क उदाहरण म्हणून दिली आहे, आणि खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे असं स्पष्ट सांगितलंय.

तुम्ही म्हणाल, मग शिळेच्या वेळी तू टॅन काढलास ते काय होतं? बरोबर शंका आहे. माझा नियम असा: जिथे पुस्तक बोलतं तिथे पुस्तक, जिथे पुस्तक गप्प आहे तिथे व्यवहारज्ञान. लटकलेली शिळा ढकलायला किती जोर लागतो यावर पुस्तकात काही नाही, म्हणून हिशेब केला. भाल्याची इजा किती यावर पुस्तकात आकडा आहे, तिथे हिशेब करायचा नाही.

*फुप्फुसात पाणी.* ‘क्रिएट वॉटर’ने उघड्या भांड्यात १० गॅलन पाणी तयार होतं. दर बॅचला एक तरी हुशार विचारतो, शत्रूचं फुप्फुस हे भांडं धरलं तर? नाही धरायचं. पहिल्या श्रेणीच्या मंत्राने कोणीही मरायला लागला तर बाकीचा खेळ कशाला?

*ग्रीसची आग.* ‘ग्रीस’ मंत्राने जमीन निसरडी होते. ते पेटतं का? २०१४ च्या नियमात यावर काहीच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक डीएमचा निकाल वेगळा. २०२४ च्या पुस्तकात ते न पेटणारं आहे असं लिहून टाकलं. ‘वेब’ मंत्राचं जाळं मात्र पेटतं, तसं नियमातच आहे. म्हणजे आग लावायची तर जाळ्याला लावा.

*पिशवीत भोक.* ‘बॅग ऑफ होल्डिंग’ ही बाहेरून साधी, आतून प्रचंड पिशवी, २२७ किलो सामान मावतं. ‘पोर्टेबल होल’ हे कापड, उलगडून टाकलं की ६ फूट व्यासाचा, १० फूट खोल खड्डा. एकाच्या आत दुसरं ठेवलं तर दोन्ही वस्तू नष्ट, एका परलोकाचं दार उघडतं आणि १० फुटांच्या आतले सगळे आत खेचले जातात. परत यायला ते दार नाही. ही जोडी नियमाने शंभर टक्के चालते, पण ठेवणाराही १० फुटांच्या आतच असतो! कोणी स्वतःहून हे करत असेल तर तो जुगाड नाही, बलिदान आहे. डीएमनेही ते तसंच सांगावं, हसण्यावारी नेऊ नये.

थोडे शिष्टाचार

जोडी आधी डीएमला सांगा, ऐन वेळी पुस्तक फडकवू नका. डीएम नाही म्हणाला तर खेळ पुढे न्या, वाद नंतर मेसमध्ये. एकच युक्ती दर वेळी वापरू नका, तिसऱ्यांदा किसणी बघायला कोणालाच मजा येत नाही. आणि जी युक्ती तुम्हाला चालते ती शत्रूलाही चालते, हे विसरू नका.

स्वाध्याय

१. ‘डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर’ या सुरईतून दर फेरीला जास्तीत जास्त ३० गॅलन, म्हणजे सुमारे ११३.६ लिटर पाणी निघतं. (१००० लिटरची टाकी एका मिनिटाच्या आत. हॉस्टेलला एक तरी मिळायला हवी!) १.२ मीटर व्यासाच्या, ९ मीटर खोल कोरड्या विहिरीत मित्र पडलाय. पाणी भरून त्याला तरंगत वर आणायला किती वेळ लागेल? उत्तर: साधारण ९० फेऱ्या, म्हणजे ९ मिनिटं. खरा प्रश्न पुढे आहे: त्याला पोहता येत नसेल तर सुरईला काय जोडाल?

२. बॅग ऑफ होल्डिंगमध्ये हवा एका माणसाला १० मिनिटं पुरते, जास्त माणसं असली तर भागाकार करायचा. पाच जणांना पिशवीत घालून किल्ल्याच्या दरवाजातून न्यायचंय. पिशवी धरणाऱ्याला पहारेकऱ्याने गप्पा मारत थांबवलं, तर आतल्यांकडे किती वेळ आहे? दुसरी कोणती जादू जोडाल?

३. ‘फेदर फॉल’ पाच जणांना एक मिनिट सावकाश खाली आणतो, दर फेरीला ६० फूट. कडा ७०० फूट आहे. शेवटच्या १०० फुटांचं काय? (सूचना: या लेखात आलेली एक वस्तू पुरते.)

सुरुवात कशी करावी?

महागडी पुस्तकं घ्यायची गरज नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आणि कायदेशीर उपलब्ध आहेत. फासे नसतील तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका. चार-पाच जण, एक डीएम आणि रविवारची दुपार, इतकं पुरतं. सरांनी आणि मॅडमनी बसायचं म्हटलं तरी आमची हरकत नाही, फक्त टेबलावर डीएमचा शब्द शेवटचा, मग तो थर्ड इयरचा का असेना!

स्वाध्यायाचं उत्तर सापडलं तर सांगा. माझ्यापेक्षा वेगळं असेल तर जास्त आवडेल.